झेंड्याकडचा गोल

कचरू भिकाजी खरात याला फुटबॉल खेळता येत नव्हता. उभ्या आयुष्यात त्यानं बॉलला पाय लावला तो मैदानाबाहेर गेलेला बॉल परत आत ढकलण्यापुरता, आणि तोही बहुतेक वेळा वाकडाच गेला. तरी जालन्याच्या त्या कॉलेजात एकोणनव्वद सालच्या फुटबॉलची गोष्ट निघाली की त्या वेळची पोरं गोल कोणी मारले हे नंतर सांगतात, कचरूमामाचं नाव आधी घेतात.

तो मूळचा पिंपळगाव रेणुकाईचा. अंगानं काटक, आवाज बारीक आणि बोलणं त्याहून बारीक. एक्याऐंशी साली कॉलेजात शिपाई म्हणून लागला तेव्हा त्याला ऑफिसात घेतलं होतं. पण फाईल घेऊन गेला की साहेबाच्या दाराबाहेर घुटमळत उभा राहायचा. आत जावं की न जावं, खोकावं की न खोकावं, यातच पाव तास जायचा. शेवटी हेडक्लार्कनं वैतागून त्याला मैदानावर पाठवलं. तिथं दारच नव्हतं, त्यामुळं तो तिथं रमला.

मैदान म्हणजे काळ्या मातीचं रान होतं. उन्हाळ्यात भेगा पडायच्या, पावसाळ्यात पाय ओढून धरायचं. त्या वर्षीच्या पंधरा ऑगस्टला पाहुण्यांची चप्पल चिखलात रुतून बसली आणि पाहुणे एका पायात चप्पल, एका पायात चिखल अशा थाटात झेंड्यापाशी पोचले. पोरं हसली. प्राचार्यांच्या कपाळाला आठी पडली. दुसऱ्या वर्षी जुलै संपता संपता कचरूनं घाबरत घाबरत सुचवलं, "झेंड्याच्या बाजूला मुरूम टाकला तं?"

नोकरीत त्यानं स्वतःहून सुचवलेली ही पहिली गोष्ट, आणि ती लोकांनी ऐकली. तेव्हापासून दर वर्षी पंधरा ऑगस्टच्या आधी ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या मुरूम यायचा. कचरू तो पसरायचा, पाणी मारायचा आणि दगडी रूळ ओढून दाबायचा. झेंडा मैदानाच्या पश्चिमेला होता आणि झेंड्यासमोरच फुटबॉलचा एक गोल होता. त्याला सगळे झेंड्याकडचा गोल म्हणायचे. समोरच्या टोकाला, पूर्वेला, रस्त्याकडचा गोल. दोन्ही गोलांचे लोखंडी पाइप मुरुमाच्या आधीच, एक्याऐंशीच्या हिवाळ्यात, काँक्रीट भरून रोवले होते. त्या दिवशी टेपचं एक टोक कचरूनंच धरलं होतं. आडवा पाइप जमिनीपासून बरोबर आठ फुटांवर.

फुटबॉलचं म्हणाल तर कॉलेजाला त्यात कधी नाव नव्हतं. खेळाचे शिक्षक अप्पाराव तौर सर स्वतः कबड्डीतले. फुटबॉलचे नियम ते पुस्तकात बघून सांगायचे. पण एकोणनव्वद साली अशी काही पोरं एकत्र आली की सरांना पुस्तक उघडायची गरज पडेना. कप्तान होता मुनीर. जुन्या जालन्यातल्या एका जिनिंगच्या मिस्त्रीचा मुलगा, बोलायला तिखट आणि पायानं त्याहून तिखट. गोलकीपर संपत हा अंकुशनगरचा, साखर कारखान्यातल्या कामगाराचा पोरगा. उंची पाच फूट चार इंच. पहिल्या दिवशी त्याला गोलमध्ये उभा बघून मुनीर म्हणाला होता, "सर, ये तो आधा गोल खाली है." पण संपत बाजूला अशी झेप घ्यायचा की बॉल त्याच्या पोटाशी चिकटल्यासारखा वाटायचा. महिनाभरात मुनीरचं तोंड बंद झालं.

सराव संध्याकाळी चालायचा. पूर्वेला उभं राहिलं तर ऊन डोळ्यांत येतं, म्हणून संपत कायम झेंड्याकडच्या गोलमध्ये उभा राहायचा. कचरू फक्कीचा डबा मांडीशी घेऊन कडेला बसायचा. फक्की मारायच्या रेषा तो टेपनं मोजून, दोरी ताणून काढायचा. रेषेत बोटभर वाक आला तर पुसून पुन्हा काढायचा. पोरं चेष्टा करायची, "मामा, एवढी सरळ रेघ तर भूमितीच्या सरांना येत न्हाई."

विद्यापीठाच्या स्पर्धेत त्या वर्षी जालना एकेक सामना जिंकत गेलं. बीडला जिंकलं, उस्मानाबादला जिंकलं. उपांत्य सामना घरच्या मैदानावर परभणीच्या कॉलेजाशी झाला. मुनीरनं पहिल्या अर्ध्यात एक गोल केला आणि मग सगळा वेळ तो एक गोल सांभाळण्यात गेला. शेवटच्या मिनिटाला परभणीच्या एका पोरानं लांबून असा बॉल हाणला की सगळं मैदान उठून उभं राहिलं. संपतनं वर बघितलं आणि हात खाली सोडले. बॉल झेंड्याकडच्या गोलच्या आडव्या पाइपावर ठणकन आदळून मागे आला. शिट्टी वाजली. पोरांनी तौर सरांना उचलून घेतलं. कचरूनं आयुष्यात कधी वाजवल्या नव्हत्या इतक्या टाळ्या वाजवल्या. आठवडाभरात पत्र आलं की औरंगाबादच्या कॉलेजाशी अंतिम सामना जालन्यातच, येत्या रविवारी होईल. इतका मोठा सामना जालन्याला कधी मिळाला नव्हता. आपलं मैदान बघायला विद्यापीठाची माणसं येणार म्हणून कचरूनं रेषांच्या बाजूचं गवत विळ्यानं कापलं.

सोमवारी सकाळी एसटीच्या पार्सलनं गोलच्या नव्या जाळ्या आल्या. तोपर्यंत त्या मैदानावर जाळ्या कधी लागल्याच नव्हत्या. कचरू आधी झेंड्याकडच्या गोलपाशी गेला. चवड्यांवर उभा राहिला, हात ताणला आणि आडव्या पाइपाच्या एकेका हुकात जाळी अडकवत गेला. काम झटक्यात झालं म्हणून त्याला बरं वाटलं. मग दुसरी जाळी खांद्यावर टाकून तो रस्त्याकडच्या गोलला गेला, तसाच चवड्यांवर उभा राहिला आणि हात वर केला.

हात हवेतच राहिला. हुक वीतभर वर होता.

त्याला आधी वाटलं, इथली जमीन खचली असेल. त्यानं रंगाचा रिकामा डबा आणला, त्यावर चढून जाळी बांधली आणि खाली उतरून त्याच डब्यावर बसला. बसल्या जागेवरून समोर झेंडा दिसत होता, झेंड्याखालचा तांबूस मुरूम दिसत होता आणि त्या मुरुमातून वर आलेले दोन पांढरे खांब दिसत होते. खांब त्याला एकदम आखूड दिसायला लागले. आठ वर्षं रोज बघितलेले खांब.

त्यानं खोलीतून टेप आणला. रस्त्याकडचा गोल आठ फूट. झेंड्याकडचा सात फूट तीन इंच. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा तेवढंच. दर वर्षी इंच-सव्वा इंच मुरूम बसत गेला होता. इंचानं वाढलेलं कोणाच्या डोळ्यांत येत नाही. पाइपाला रंग द्यायचा तोही तो काठीला ब्रश बांधून द्यायचा.

मग त्याला तो ठणका आठवला. परभणीचा बॉल जिथं आदळला तिथं आठ फुटी गोलमध्ये पाइप नसताच. तिथं मोकळी हवा असती. बॉल सरळ आत.

दुपारी तो घरी जेवायला गेला. गोजरबाईनं ताट वाढलं. त्यानं भाकरीचा एक तुकडा मोडला आणि तसाच धरून बसला.

"जेवत कामून न्हाई?"

"झेंड्याकडचा गोल खुजा झाला."

"खुजा झाला म्हंजे?"

त्यानं सगळं सांगितलं. गोजरबाईचं आयुष्य रोजगार हमीच्या कामांवर गेलं होतं. भोकरदन तालुक्यातले दोन पाझर तलाव तिनं डोक्यावरून वाहिले होते. मातीचं तिला नवल नव्हतं.

"मंग खणून काढा. चार टोपले मुरूम तो. त्याच्यापायी भाकर सोडायची का?"

"खणीन की. रविवारच्या आत खणीन. पर परभणीच्या पोराचा तो बॉल?"

"तो कोणाला ठावं हाये?"

"मला."

"अन् आता मला. झाले दोघं." ती भाजी वाढत म्हणाली. "उद्या तुमचं तोंड बघून साऱ्या कॉलेजाला ठावं होईल. तुम्हाला काही लपवता येतं का? घरात दूध सांडलं तं मांजर गप बसतंय, तुमचंच तोंड चोरावानी होतंय. जेवा अन् जाऊन सांगून टाका."

तो जेवला नाही, पण गेला. खेळाच्या खोलीच्या दाराबाहेर पूर्वीसारखाच घुटमळला. सर आतून म्हणाले, "काय रे, फक्की संपली का?"

"न्हाई सर. जरा मैदानावर येता का?"

मैदानावर त्यानं टेपचं एक टोक सरांच्या हातात दिलं आणि दुसरं पाइपाला लावलं. सरांनी आकडा वाचला, मान वर करून पाइप बघितला, पुन्हा आकडा वाचला. मग दुसऱ्या गोलपर्यंत चालत गेले. तिथं मोजून परत आले तोपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता.

"कोणी बघितलं हे?"

"म्या बघितलं. अन् आता तुम्ही."

"तू गुपचूप खणून काढलं असतंस तर मला कळलं असतं का, कचरू?"

"न्हाई."

"मग सांगितलं कशाला?"

कचरू टेप गुंडाळत राहिला. पुरता गुंडाळून झाल्यावर म्हणाला, "तो बॉल पाइपाला लागला तव्हा म्या लै टाळ्या वाजवल्या, सर."

 दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं सर औरंगाबादला गेले आणि विद्यापीठाच्या क्रीडा मंडळापुढं सगळं मांडून संध्याकाळी परत आले. आल्या आल्या त्यांनी पोरांना खेळाच्या खोलीत बोलावलं. कचरू दारातच उभा राहिला.

सर म्हणाले, "मंडळाचं म्हणणं असं आहे. दोन्ही कॉलेजं तयार असतील तर परवा, गुरुवारी, उपांत्य सामना इथंच परत खेळायचा. आपण तयार नसू तर जुना निकाल कायम. रविवारी आपण औरंगाबादशी खेळायचं. परभणी तयार आहे, मी फोनवर बोललो. तुमच्यावर कोणी जबरदस्ती करणार नाही. मीही नाही."

खोलीत गलका झाला. मुनीर उठून उभा राहिला. "सर, जितलेला सामना परत कोण खेळतो? गोल खुजा होता तं दोन्ही टीमला होता. अर्धा टाइम ते, अर्धा टाइम आम्ही. बराबर का नाही? यात बेइमानी कुठं आली?" मग त्याची नजर दाराकडं गेली. "मामा, तुमची काही सोयरीक हाये का परभणीत? असंल तं सांगा, आहेर घेऊन येतो."

दोन-चार पोरं हसली. कचरू खाली बघत होता. त्याला वाटलं, पायाखालची फरशी मातीची असती तर बरं झालं असतं, निदान अंगठ्यानं उकरता आली असती.

कोपऱ्यातून संपत बोलला. सगळी खोली भांडत असताना तो एकटाच गप होता. "मामा, तुम्ही मोजलंय. तुम्ही सांगा. तो शेवटचा बॉल मी सोडून देल्ता. वरून चालला असं मला वाटलं. बराबर आठ फुटाचा गोल असता तं तो आत गेला असता का?"

 दार ओलांडायची सवय नसलेला कचरू एक पाऊल आत आला.

"गेला असता," तो म्हणाला.

"पक्कं?"

"पक्कं. वीतभर खालून गेला असता."

संपतनं मान हलवली. "मंग मला तो सामना खेळायचाय, सर. न्हाई तं जिंदगीभर लोक म्हणतील, पोरगं बुटकं होतं म्हणून गोल कापून देला."

 मुनीरनं पायातला बूट काढून जमिनीवर आपटला. "खेळा मंग," तो म्हणाला, "पर हारलो तं मी ह्या मामाच्या मैदानावर पाय ठेवणार न्हाई." आणि एक बूट हातात धरून निघून गेला.

बुधवारी उजाडताच कचरूनं टिकाव उचलला. गोलच्या तोंडापासून आतल्या छोट्या चौकोनाच्या पुढपर्यंत मुरूम काढायचा होता, आणि पुढं हळूहळू उतार असा धरायचा होता की पळणाऱ्या पायाला पायरी लागू नये. आठ वर्षं रूळ मारून दाबलेला मुरूम दगडासारखा झाला होता. टिकावाच्या प्रत्येक घावाला त्याला जुनं एकेक वर्ष आठवत होतं. आपणच टाकलेलं, आपणच दाबलेलं.

नऊच्या सुमाराला गोजरबाई भाकरी घेऊन आली. फडक्याची गाठ न सोडता कमरेवर हात ठेवून बघत उभी राहिली.

"असं खणतात का? अन् साक्षीदार कुठं सोडला?"

रोजगार हमीच्या कामावर खड्डा खणताना मध्ये मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवतात. त्याला मजूर साक्षीदार म्हणतात. इंजिनियर मोजायला येतो तेव्हा तो खांब बघून किती खोल खणलं ते ठरवतो. खांब नसला तर मजुराचं काम कोणी धरत नाही.

"इथं कोण इंजिनियर येणार हाये?" कचरू म्हणाला.

"परभणीचे लोक येणार हायेत ना? त्यायला काय दाखवाल? खड्डा?" तिनं पदर खोचला, त्याच्या हातातून टिकाव घेतला आणि डाव्या खांबाच्या बाहेरच्या अंगाला, मैदानाच्या रेषेपलीकडं, पाटाएवढी जागा आखून दिली. "हिला हात लावायचा न्हाई."

कॉलेजाचे तास सुटले तशी पोरं आली. आधी संपत, मग दोघं, मग सहा. घमेली नव्हती म्हणून कोणी शेजारच्या बांधकामावरून मागून आणली. गोजरबाईनं त्यांच्या ओळी लावल्या आणि असा हुकूम चालवला की तौर सरही बाही दुमडून ओळीत उभे राहिले. "ओ मास्तर, घमेलं पोटाशी धरा, लांब धरलं की कंबर जाती." मुनीर सगळ्यांत शेवटी आला. कोणाशी बोलला नाही. घमेलं उचललं आणि वाहू लागला. चार वाजता कचरूनं पाइपाला टेप लावला. आठ फूट.

उरलेल्या उजेडात सराव झाला. मुनीर उंच बॉल मारायचा. संपत बघायचा, हात उचलायचा आणि मध्येच सोडून द्यायचा. बॉल त्याच्या डोक्यावरून जाळीत जायचा. तीन महिने त्याच्या अंगाला एक उंची पाठ झाली होती. त्याच्यावरचं ते सगळं वर, असं त्याचं अंग म्हणायचं.

"अबे, सोडतो कामून?" मुनीर ओरडला.

"मला वर दिसतो."

कचरू जाळीच्या मागं जाऊन उभा राहिला. तिथून पाइपाची खालची कड आणि बॉल दोन्ही स्पष्ट दिसत होते. मुनीरनं बॉल हाणला की तो हवेत असतानाच कचरू म्हणायचा, "आत." किंवा, "वर." त्याच्या बारीक आवाजात, बाजारात मापं मोजणारा माणूस बोलतो तसं. पहिले वीस-पंचवीस बॉल संपतनं ऐकून उड्या मारल्या. मग हळूहळू त्याची उडी शब्दाच्या आधी सुटायला लागली. चूकही व्हायची. अंधार पडला तेव्हा दहातले सहा-सात तो बरोबर धरत होता.

गुरुवारी सकाळच्या गाडीनं परभणीची टीम आली. त्यांचे सर बद्रीनाथ देवडे, जाड भिंगांचा चष्मा लावणारे करडे गृहस्थ. स्टेशनवरून ते थेट मैदानावर आले. तौर सरांनी हात पुढं केला, तो त्यांनी धरला न धरला.

"फोनवर तुम्ही म्हणालात, नकळत झालं," देवडे सर म्हणाले. "घरचं मैदान, बुटका गोलकीपर आणि बुटका गोल. नकळत इतकं सगळं एका जागी जमतं का, तौर सर?"

 कचरू पुढं झाला. पुढं झाला म्हणजे तौर सरांच्या मागून बाजूला आला.

"सर, इकडं या जरा."

त्यानं त्यांना डाव्या खांबाबाहेर नेलं. खणलेल्या जागेत मुरुमाचा तो खांब एकटा उभा होता, टिकावानं चारी बाजूंनी सरळ कापलेला. देवडे सर वाकले. खांबात एकावर एक पट्टे दिसत होते. खाली काळी माती आणि तिच्यावर पहिला तांबडा पट्टा.

"हा ब्याऐंशीचा," कचरू म्हणाला. "हा पिवळट त्र्याऐंशीचा, दुसऱ्या खाणीचा व्हता. चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशीला मुरूम मिळाला न्हाई म्हणून रोलिंग मिलची राख टाकली, ती ही काळी. त्याच्यावर शहाऐंशी, सत्त्याऐंशी, अठ्ठ्याऐंशी. हा वरचा औंदाचा. सारा मीच टाकलेला हाये. औंदाचा पट्टा तेवढा संपत कॉलेजात असतानाचा. बाकीच्या टायमाला तो शाळेत व्हता."

देवडे सरांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटानं पट्टे मोजले. राखेच्या पट्ट्याला नख लावून बघितलं. मग उठून हातरुमालानं बोट पुसत म्हणाले, "रोजगार हमीवर होता का तुम्ही?"

"मी न्हाई. ही." थोड्या अंतरावर उभ्या असलेल्या गोजरबाईकडं त्यानं मान केली.

देवडे सरांनी तिला नमस्कार केला आणि आपल्या पोरांना हाक मारली, "चला रे, बूट घाला."

तो सामना बघायला अर्धं नवीन जालना लोटलं होतं. पहिल्या अर्ध्यात संपत रस्त्याकडच्या गोलमध्ये होता. मुनीरनं दहाव्या मिनिटाला एक गोल केला आणि मध्यंतराआधी त्याच्याच पासवर दुसरा झाला. लोकांना वाटलं, संपलं. दुसऱ्या अर्ध्यात संपत झेंड्याकडं आला. कचरूला जाळीमागं उभं राहायची परवानगी नव्हती. तो रेषेबाहेर, साक्षीदाराच्या खांबापाशी उकिडवा बसला होता. परभणीची पोरं उंच मारण्यात वस्ताद. विसाव्या मिनिटाला एक बॉल आला. संपतनं वर बघितलं, त्याचे हात अर्धे उठले आणि थांबले. बॉल पाइपाच्या खालून जाळीत गेला.

 मुनीरनं कंबरेवर हात ठेवून कचरूकडं बघितलं. कचरूनं नजर चुकवली नाही, एवढंच त्याला जमलं.

उरलेला वेळ परभणीनं जालन्याच्या पोरांना श्वास घेऊ दिला नाही. संपतनं दोन बॉल पोटाशी घेतले, एक पायानं काढला. मग शेवटाकडं, घोळक्यातून एक बॉल वर उडाला आणि वळत गोलकडं आला. उंच. नेमका त्या वीतभर जागेतला. कचरूच्या तोंडून शब्द फुटला, पण लोकांच्या आवाजात तो त्याला स्वतःलाही ऐकू आला नाही. संपत मात्र तोवर हवेत होता. त्यानं मुठीनं बॉल बाहेर लोटला आणि स्वतः खांद्यावर आपटला. मुनीर पळत येऊन त्याच्या अंगावर आडवा पडला. सामना दोन-एकनं संपला.

रविवारी औरंगाबादशी सामना झाला आणि तोही जालन्यानं एक-शून्यनं जिंकला. पण त्या दिवशी पोरांच्या अंगावर ओझं नव्हतं आणि कचरूच्याही नव्हतं. त्याला त्यातलं पुढं फारसं आठवायचं नाही. ढाल घेताना मुनीरनं त्याला ओढत नेलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अरे, हाताला फक्की हाये." मुनीर म्हणाला, "लागू द्या मामा, चांदी पॉलिश होईल."

पुढच्या वर्षीच्या दिवाळीनंतर कॉलेजात एक पोस्टकार्ड आलं. वर पत्ता होता, श्री. कचरू भिकाजी खरात, मैदान विभाग. असा काही विभाग कॉलेजात नव्हता. हेडक्लार्कनं कार्ड दोनदा उलटून बघितलं आणि स्वतः मैदानावर नेऊन दिलं. देवडे सरांनी लिहिलं होतं की आमच्या मैदानावर या वर्षी सामने आहेत, आधी एकदा तुम्ही येऊन बघून गेलात तर बरं होईल, येताना बाईंनाही आणावं.

कचरूला परगावी कोणी कामासाठी बोलावल्याची ही पहिलीच वेळ. त्यानं चार दिवस विचार केला की जावं की न जावं. पाचव्या दिवशी गोजरबाईनं लुगडं बदललं आणि दारात येऊन उभी राहिली. मग तो निघाला.

परभणीचं मैदान नदीकडं उतरतं होतं. देवडे सरांनी चहा विचारला. कचरू म्हणाला, आधी मोजू. टेपचं एक टोक सरांनी धरलं. पहिला गोल आठ फूट, वर-खाली एखादं बोट. दुसऱ्या गोलपाशी कचरूनं टेप लावला, आकडा बघितला आणि गोजरबाईला दाखवला. तिला आकडे वाचता येत नव्हते, पण खांबाच्या बुडाशी उघडं पडलेलं काँक्रीट तिनं आधीच बघून ठेवलं होतं. दर पावसाळ्यात गोलच्या तोंडची माती वाहून गेली होती.

"किती?" देवडे सरांनी विचारलं.

"आठ फूट पाच इंच."

सरांनी वाकून स्वतः टेपवरचा आकडा वाचला. "म्हणजे आमची पोरं…"

"याच्यामुळंच इतकं वर मारत्यात," कचरू म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणा सरांसमोर तो मोकळा हसला. "आमच्या संपतला फुकट उड्या मारायला लावल्या."

देवडे सरही हसले. मग चष्मा पुसून, ऑफिसात माणूस साहेबाला ज्या आवाजात विचारतो त्या आवाजात त्यांनी विचारलं, "आता काय करायचं, खरात?"

कचरूनं खाली बसून मातीचा एक खडा बोटांत चुरला.

"मुरूम कुठं मिळतो इकडं?" तो म्हणाला.